शाखेकडून बँकेकडे : भारतीय बँकांचे धोरण आणि माहितीरचना, १९८३–२०२०

१९७० च्या दशकात एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत बचत खाते उघडणारा माणूस कायद्याने त्या बँकेचा ग्राहक असला, तरी व्यवहारात तो एका शाखेचाच खातेदार असे. त्याच्या सहीचा नमुना, खतावणीतील त्याचे पान आणि त्या पानावरील अद्ययावत शिल्लक या तिन्ही गोष्टी त्या एका इमारतीबाहेर कोठेही उपलब्ध नसत. त्यामुळे दादरच्या खातेदाराला त्याच बँकेच्या ठाण्यातील शाखेतून आपले पैसे काढता येत नसत, आणि त्याने पुण्यातील कोणाला दिलेला धनादेश वसुलीसाठी टपालाने दादरला यावा लागे. हे चित्र पालटण्यास १९८३ नंतर सुमारे पंचवीस वर्षे लागली, आणि त्यांतील बराचसा काळ संगणक हाताशी असूनही गेला. बँकेचे धोरण, तिची प्रशासकीय घडण आणि माहिती साठवण्याची तिची पद्धत यांचा मेळ बसेपर्यंत यंत्रांचा लाभ शाखेच्या चार भिंतींतच अडकून राहिला. हा मेळ कोणत्या क्रमाने बसत गेला आणि अखेरीस त्याची दिशा कशी उलटली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा मेळाच्या अभ्यासाला व्यवस्थापनशास्त्रात ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ असे नाव आहे. संस्थेचे कामकाज, त्या कामकाजाला लागणारी माहिती, ती माहिती हाताळणाऱ्या संगणकप्रणाली आणि त्या प्रणाली ज्यांवर चालतात ती यंत्रसामग्री असे चार थर कल्पून त्यांची एकत्रित आखणी करणे, आणि एका थरातील निर्णयाचे इतर थरांवर होणारे परिणाम आधीच ताडून पाहणे, असे या शास्त्राचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल. आयबीएम या कंपनीतील जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मधील लेखात या विचाराला पहिली व्यवस्थित चौकट दिली, संस्थेतील माहिती कोणती, प्रक्रिया कोणत्या आणि ठिकाणे कोणती, हे प्रश्न मालक, आराखडाकार आणि बांधणारा यांच्या वेगवेगळ्या दृष्टींतून विचारले गेले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच नियतकालिकात १९९३ मध्ये जॉन हेंडरसन आणि एन. वेंकटरामन यांनी व्यवसायाचे धोरण, संस्थेची अंतर्गत घडण, तंत्रज्ञानाचे धोरण आणि तंत्रज्ञानाची अंतर्गत घडण अशी चार क्षेत्रे मांडून, यांपैकी कोणतेही एक एकट्याने बदलले तर उरलेली तीन त्याला मागे खेचतात, हे दाखवून दिले. भारतीय बँकांनी आपले आरंभीचे निर्णय या परिभाषेत घेतले नव्हते. तरीही त्या निर्णयांची संगती लावण्यास ही परिभाषा उपयोगी पडते.

संगणकपूर्व शाखेचे कामकाज बारकाईने पाहिल्याशिवाय पुढील बदलांचे मोल ध्यानात येत नाही. खातेदाराने खिडकीवर धनादेश दिला की लिपिक त्याला पितळी टोकन देई आणि धनादेश खतावणीच्या लिपिकाकडे सरकवी. तो लिपिक जाडजूड वहीतील ते पान काढून शिल्लक पाही, रक्कम नावे टाकी आणि नवी शिल्लक लिहून आद्याक्षरी करी. नंतर अधिकारी सही पडताळून धनादेश मंजूर करी, आणि मग कोठे रोखपाल टोकनाचा क्रमांक पुकारी. दिवसभराची व्हाउचरे संध्याकाळी रोजकीर्दीत जमा होत आणि तिच्या बेरजा सर्वसाधारण खतावणीशी जुळवल्या जात. ठरावीक काळाने प्रत्येक खतावणीतील शेकडो खात्यांच्या शिल्लकांची बेरीज नियंत्रक आकड्याशी ताडून पाहावी लागे. या कामाला बँकांत ‘बॅलन्सिंग’ म्हणत, आणि काही रुपयांचा फरक शोधण्यासाठी कर्मचारी रात्री उशिरापर्यंत थांबत. व्याजाचा सहामाही हिशेब हाताने होई. ही पद्धत संथ असली तरी तिच्यात एक सुसंगती होती : प्रत्येक शाखा हे स्वतःच्या वह्यांवर उभे असलेले स्वयंपूर्ण हिशेबघर होते, आणि शाखाव्यवस्थापकाचा अधिकारही त्या वह्यांच्या ताब्यातूनच आलेला होता.

ही सुसंगती बँकांच्या धोरणानेच मोडली. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या आणि सरासरी ६४ हजार लोकसंख्येमागे एक शाखा पडत होती. ग्रामीण भागात पतपुरवठा पोहोचवण्याच्या धोरणामुळे १९९० पर्यंत शाखांची संख्या ६० हजारांच्या घरात गेली आणि शाखेमागील लोकसंख्या सुमारे १४ हजारांवर आली. शाखा जितक्या वाढल्या त्याहून कितीतरी अधिक पटींनी त्यांचे आपापसांतील व्यवहार वाढले. कोल्हापूरच्या शाखेने मुंबईच्या शाखेवर डिमांड ड्राफ्ट काढला, तर एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी दोन गावी होत आणि त्यांची सूचनापत्रे मध्यवर्ती कार्यालयात पोहोचून तेथे त्यांची जोडी लावली जाई. याला आंतरशाखा ताळमेळ म्हणत. टपाल उशिरा आले, आकडा चुकला किंवा शाखेचा सांकेतिक क्रमांक चुकीचा पडला की नोंद बिनजोडीची राही, आणि अशा बिनजोड नोंदींचे ढीग साचत गेले की त्यांच्या आड लबाडी लपवणे सोपे होई. विस्ताराचे धोरण संपूर्ण देशाचा विचार करीत होते, पण हिशेबाचे साधन एका टेबलावर मावणाऱ्या वहीपुरतेच राहिले होते.

या विसंगतीवर तांत्रिक उपाय उपलब्ध असला, तरी त्याचा मार्ग कामगार संबंधांतून जात होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध झालेले तीव्र आंदोलन बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांच्या स्मरणात ताजे होते, आणि यंत्र आले की नोकऱ्या जाणार ही भीती अनाठायी नव्हती. म्हणून भारतीय बँक संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात सप्टेंबर १९८३ मध्ये झालेल्या करारात यंत्रे कोणत्या कामांसाठी आणि किती वापरावीत याच्या मर्यादा घालण्यात आल्या. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये दिलेला अहवालही या मर्यादांच्या चौकटीतच विचार करणारा होता. शाखांत सुधारित खतावणी-यंत्रे, प्रादेशिक व विभागीय कार्यालयांत लहान संगणक आणि मुख्य कार्यालयात मोठा संगणक अशी त्रिस्तरीय शिफारस या समितीने केली.

शाखेतील त्या खतावणी-यंत्राला बँकांत इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एएलपीएम’ असेच म्हणत. लिपिक व्हाउचरांवरील आकडे कळफलकावरून भरी, यंत्र शिल्लक काढी, खात्याचे पान छापून देई, व्याजाचा हिशेब करी. बॅलन्सिंगचे रात्रीचे जागरण त्यामुळे पुष्कळ कमी झाले. मात्र त्या यंत्राला केवळ त्याच्यावर सोपवलेल्या खात्यांचे ज्ञान असे. दुसऱ्या गावातील शाखा तर दूरच, शेजारच्या टेबलावरील दुसऱ्या यंत्राशीही त्याचा संबंध नसे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच असे निरीक्षण नोंदवले होते की, कोणतीही संस्था जी प्रणाली रचते तिच्यात त्या संस्थेच्या अंतर्गत संपर्काची घडणच उमटते. बँकेतील प्रत्येक खतावणीच्या जागी एक यंत्र आणि प्रशासनाच्या प्रत्येक पायरीवर एक संगणक, ही १९८४ ची मांडणी या निरीक्षणाचे स्वच्छ उदाहरण ठरते.

याच काळात एका क्षेत्रात मात्र वेगळा प्रयोग झाला, आणि तो बँकेच्या आत न होता बँकांच्या दरम्यान झाला. मुंबईच्या समाशोधनगृहात, म्हणजे निरनिराळ्या बँकांवरील धनादेशांची दररोज देवाणघेवाण करून निव्वळ येणे-देणे ठरवणाऱ्या केंद्रात, धनादेशांचा भार इतका वाढला होता की हाताने वर्गवारी करणे अशक्य होत चालले होते. तेथे १९८६ मध्ये चुंबकीय शाईने छापलेले अंक वाचणारी यंत्रे आली आणि पुढील काही वर्षांत ती दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथेही बसवली गेली. या यंत्रांसाठी धनादेशाचा आकार, कागद, शाई आणि तळाच्या पट्टीतील अंकांची जागा या साऱ्यांचे प्रमाणीकरण सर्व बँकांना स्वीकारावे लागले; नऊ अंकी संकेतांकातील पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असे ठरले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या बँका एका समान भाषेवर सहमत झाल्या, तेव्हा त्यांतील प्रत्येकीच्या स्वतःच्या शाखांना मात्र तशी समान भाषा अजून मिळालेली नव्हती. बँकांच्या दरम्यान प्रमाण ठरवण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे स्पष्टपणे होता आणि बँकेच्या आत असा अधिकार कोणाकडेच नीट सोपवलेला नव्हता, हे या विरोधाभासाचे कारण मानता येते.

डॉ. रंगराजन यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने १९८९ मध्ये अधिक व्यापक संगणकीकरणाची दिशा दाखवली, १९९३ च्या करारानंतर कर्मचारी संघटनांचा विरोधही सौम्य झाला, आणि मोठ्या शाखांत संपूर्ण शाखा संगणकीकरणाचा टप्पा सुरू झाला. शाखेत एक सर्व्हर, त्याला जोडलेले संगणक आणि काउंटरवरच नोंद होऊन तेथेच रोकड मिळण्याची सोय असे त्याचे स्वरूप होते. पितळी टोकने याच काळात हळूहळू अडगळीत गेली. जीन रॉस, पीटर वेल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्थांच्या कार्यपद्धतींचे वर्गीकरण दोन कसोट्यांवर केले आहे : कामाच्या पद्धती सर्वत्र सारख्या आहेत का, हे प्रमाणीकरण, आणि माहिती सर्वांना समाईक आहे का, हे एकात्मीकरण. या कसोट्या लावल्यास संपूर्ण संगणकीकृत शाखांची बँक पहिलीत उत्तीर्ण आणि दुसरीत अनुत्तीर्ण ठरते, कारण शाखांमधून सॉफ्टवेअर सारखेच बसवले असले तरी प्रत्येक शाखेचा माहितीसाठा निराळाच राहिला. ग्रंथकार याला ‘प्रतिकृतीची’ पद्धत म्हणतात. उपाहारगृहांच्या साखळीला ती पुरेशी ठरते, कारण एका गावातील गिऱ्हाइकाचा हिशेब दुसऱ्या गावी लागत नाही. पैसा गावोगाव हिंडवणे हाच जिचा व्यवसाय त्या बँकेला ती पुरत नाही.

प्रतिकृतीची ही मर्यादा एटीएमच्या संदर्भात उघडी पडली. हाँगकाँग बँकेने देशातील पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत बसवले होते, आणि भारतीय बँक संघाने १९९७ मध्ये मुंबईतच ‘स्वधन’ या नावाने अनेक बँकांच्या एटीएमचे सामाईक जाळे सुरू केले. परंतु ज्या बँकेतील खाते शाखेच्या सर्व्हरवर होते आणि तो सर्व्हर संध्याकाळी दिवसअखेरचे काम आटोपून बंद केला जाई, तिच्या एटीएमला त्या क्षणाची शिल्लक विचारण्याचा मार्गच नसे. आदल्या दिवशीच्या शिल्लकांची फाइल पाठवून किंवा काढता येणाऱ्या रकमेवर मर्यादा घालून वेळ निभावून न्यावी लागे. चोवीस तास सेवेचे आश्वासन देणारे यंत्र आणि कामाच्या तासांपुरतेच जागे असणारे खाते यांची जोडी जमणे शक्य नव्हते.

दरम्यान स्पर्धेचे स्वरूपही बदलले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी १९९३ मध्ये नव्या खाजगी बँकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि त्यानंतर स्थापन झालेल्या आयसीआयसीआय, एचडीएफसी, यूटीआय इत्यादी बँकांनी प्रारंभापासूनच खाती मध्यवर्ती माहितीसाठ्यात ठेवण्याचा मार्ग धरला. जुन्या वह्यांचे ओझे आणि जुने करार त्यांच्यापुढे नव्हते. लागणारे सॉफ्टवेअरही देशात तयार होत होते : सिटी समूहाने १९८५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात काढलेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या परंपरेतून पुढे आय-फ्लेक्स ही कंपनी आणि तिचे ‘फ्लेक्सक्यूब’ आले, तर बंगळुरूच्या इन्फोसिसने ‘फिनॅकल’ उभे केले.

सरकारी बँकांना पुढचा धक्का स्पर्धेइतकाच दक्षतेच्या बाजूनेही बसला. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी १९९८ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना असा आदेश दिला की, १ जानेवारी २००१ पूर्वी त्यांचा ७० टक्के व्यवसाय संगणकावर आलेला असावा. संगणकीकरणाने ताळमेळातील दिरंगाई आणि तिच्या आडून होणारे गैरप्रकार आटोक्यात येतील, अशी त्यामागची भूमिका होती. व्यवसायाच्या धोरणातून जे घडायला हवे होते ते भ्रष्टाचारनिर्मूलनाच्या आदेशातून घडले, आणि म्हणूनच शाखांची टक्केवारी गाठण्याकडे लक्ष राहून एकात्मीकरणाचा प्रश्न पुन्हा मागे पडला. २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले, तेव्हा जुन्या पद्धतीने शाखा चालवण्यासाठी लागणारे मनुष्यबळही उरले नाही; आता बदलापेक्षा स्थितीशीलताच महाग पडू लागली.

यानंतर ‘कोअर बँकिंग’चे पर्व आले. सर्व शाखांतील सर्व खाती एकाच मध्यवर्ती माहितीसाठ्यात ठेवणे आणि शाखेला त्या साठ्याची एक खिडकी बनवणे, असा त्याचा अर्थ होतो. नऊ हजारांहून अधिक शाखांच्या भारतीय स्टेट बँकेने २००० च्या दशकाच्या प्रारंभी हे काम हाती घेतले. ऑस्ट्रेलियातील एफएनएस कंपनीचे सॉफ्टवेअर निवडण्यात आले, अंमलबजावणीची जबाबदारी मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे आली, आणि २००५ मध्ये टाटांनी ती ऑस्ट्रेलियन कंपनीच विकत घेतली. नवी मुंबईत बेलापूर येथील केंद्रातून चालणाऱ्या या प्रणालीवर २००८ पर्यंत बँकेच्या सर्व शाखा आल्या.

या स्थलांतरातील खरे कष्ट माहितीच्या थरात होते. एकाच माणसाची तीन शाखांत तीन खाती असत, आणि एका ठिकाणी नाव पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षरांनी, तिसरीकडे वेगळ्याच वर्णलेखनाने लिहिलेले असे. जन्मतारखेचा रकाना रिकामा किंवा कसातरी भरलेला असे. सहीचे नमुने पिवळ्या पडलेल्या कार्डांवरून स्कॅन करून घ्यावे लागत. शाखेपुरत्या व्यवहारात या त्रुटींनी काही बिघडत नसे, कारण खिडकीवरचा लिपिक खातेदाराला ओळखत असे. मध्यवर्ती प्रणालीला मात्र ओळखीचा आधार चालत नाही, तिला प्रत्येक ग्राहकासाठी एकच क्रमांक आणि त्याला जोडलेली सर्व खाती लागतात. असा क्रमांक देण्यापूर्वी दुबार नोंदी हुडकून एकत्र करणे हे काम शाखा प्रणालीवर आल्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिले.

माहिती मध्यवर्ती झाल्यावर अधिकारही जागेवर राहिला नाही. गृहकर्जाची छाननी, निवृत्तिवेतनाची आकडेमोड, धनादेशांची प्रक्रिया ही कामे शाखांतून काढून विशेष केंद्रांकडे सोपवण्यात आली. शाखाव्यवस्थापकाकडे ग्राहकांशी संबंध आणि ठेवी-कर्जांचा शोध एवढेच काम प्रामुख्याने उरले, आणि ज्या वह्यांमुळे त्याचा दबदबा होता त्या त्याच्या ताब्यातून गेल्या. हेंडरसन आणि वेंकटरामन यांच्या चार क्षेत्रांपैकी संस्थेची अंतर्गत घडण येथे सर्वांत शेवटी बदलली, परंतु ती बदलल्यावरच उरलेल्या तीन क्षेत्रांतील गुंतवणूक फळाला आली. मार्च २००४ मधील तात्काळ ढोबळ तडजोडीची प्रणाली म्हणजे आरटीजीएस, २००५ मधील एनईएफटी, ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजनेच्या उद्घाटनाच्या दिवशीच उघडली गेलेली सुमारे दीड कोटी खाती आणि २०१६ मधील यूपीआय या सर्वांची पूर्वअट मध्यवर्ती माहितीसाठा हीच होती. जुन्या घडणीचा एक अवशेष मात्र टिकून राहिला : निधी हस्तांतरणासाठी लागणाऱ्या अकरा चिन्हांच्या आयएफएस संकेतांकात पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे आणि शेवटची सहा चिन्हे शाखेची असतात, म्हणजे शाखेत वही उरली नसतानाही पैसा कागदोपत्री शाखेच्याच पत्त्यावर जातो.

मेळाची दिशा उलटल्याचा सर्वांत ठळक पुरावा बँकांच्या विलीनीकरणात मिळतो. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या, तेव्हा त्या आधीपासूनच तिच्याच प्रणालीच्या कुटुंबात होत्या. ३० ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने दहा सार्वजनिक बँकांचे चार गट जाहीर केले, आणि ते करताना समान कोअर बँकिंग प्रणाली हा गट पाडण्यामागचा एक उघड निकष म्हणून मांडला गेला : पंजाब नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड या तिन्ही बँका फिनॅकलवर, कॅनरा आणि सिंडिकेट आय-फ्लेक्सच्या प्रणालीवर, युनियन, आंध्र आणि कॉर्पोरेशन पुन्हा फिनॅकलवर, तर इंडियन आणि अलाहाबाद टाटांच्या ‘बॅन्क्स’ या प्रणालीवर होत्या. १९८४ मध्ये यंत्रांची मांडणी बँकेच्या घडणीवरून ठरली होती. पस्तीस वर्षांनंतर कोणती बँक कोणाबरोबर राहणार या प्रश्नाच्या उत्तरात यंत्रप्रणाली एक निर्णायक घटक झाली.

हा निकष व्यवहार्य असला, तरी पुरेसा नव्हता. बँक ऑफ बडोदा, विजया आणि देना या तिन्ही बँका फिनॅकलवर असूनही, १ एप्रिल २०१९ ला कायदेशीर विलीनीकरण झाल्यानंतर त्यांच्या शाखांचे तांत्रिक एकत्रीकरण पूर्ण होण्यास २०२० ची अखेर उजाडली. एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर असले तरी त्याची आवृत्ती, प्रत्येक बँकेने करून घेतलेले फेरफार, ठेवयोजनांचे नियम आणि ग्राहकक्रमांकांची घडण निरनिराळी असते. यंत्रांचा थर सारखा असल्याने कामकाजाचा आणि माहितीचा थर आपोआप सारखा होत नाही.

धोरण आणि माहिती तंत्रज्ञान यांचा मेळ म्हणजे धोरण आधी ठरवून तंत्रज्ञान त्याच्या मागे चालवणे, अशी समजूत व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. भारतीय बँकांचा इतिहास तिला अंशतःच दुजोरा देतो. प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेणारे हात वेगळे होते – कामगार करार, रिझर्व्ह बँकेच्या समित्या, दक्षता आयुक्त, सॉफ्टवेअरच्या निविदा, अर्थ मंत्रालय – आणि त्यांतील कोणाच्याही डोळ्यांपुढे संपूर्ण आराखडा नव्हता. तरीही एका टप्प्यावरील सोयीची निवड पुढच्या टप्प्यावर धोरणाची मर्यादा बनत गेली : १९८३ च्या कराराने शाखेच्या भिंती वीस वर्षे पक्क्या केल्या, आणि २००० च्या आसपास किंमत व उपलब्धता पाहून केलेल्या प्रणालीच्या खरेदीने २०२० मधील बँकांच्या सीमारेषा आखण्यास हातभार लावला. म्हणून आज सॉफ्टवेअरच्या निविदेवर सही करणारा अधिकारी यंत्रखरेदीपुरता निर्णय घेत नसतो. पुढच्या पिढीतील संचालक मंडळाला कोणते पर्याय खुले राहतील, हेही तो ठरवून ठेवत असतो, आणि त्या सहीपूर्वीची चर्चा तंत्रज्ञान विभागापुरती ठेवणे कोणत्याही बँकेला परवडण्यासारखे नाही.